चप्पल निसटली, कळलंच नाही

शुक्रवारी ऑफिसमधून थेट रातराणी. पहाटे जयसिंगपूरला उतरायचं, तिथून शिरोळ, कुरुंदवाड किंवा त्याही पुढे नदीकाठचं आपलं गाव. दोन दिवस घरचं जेवण, वाडीला जाऊन दत्ताचं दर्शन, येताना पेढे आणि बासुंदी, रविवारी रात्री पुन्हा पुणे. हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्या शिरोळ तालुक्यातल्या पोरापोरींचा हा ठरलेला वीकएन्ड. या दोन दिवसांत आपण सगळं बघतो. उसाला तोड आली का, नदीला पाणी किती आहे, भाचरं केवढी झाली. बघायची राहते ती एकच गोष्ट. अण्णा चालतायत कसे?

विचारलंच तर उत्तर तयार असतं. ‘‘काय नाही रं, वय झालंय आता.’’ आई म्हणते, ‘‘गुडघं धरल्यात त्यांचं.’’ शेजारचे काका म्हणतात, ‘‘मणक्यात गॅप असंल, माझं बी तसंच झालतं.’’ आपण मोबाइलवरून एक नी-कॅप आणि एक बाम ऑर्डर करतो, डिलिव्हरी अॅड्रेस शिरोळचा टाकतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात परतीची बस पकडतो.

आजचा विषय हाच, ‘वय झालंय’. कारण वय हे काही आजाराचं नाव नाही. वयानं माणूस थोडा सावकाश होतो हे खरं. पण गेल्या गणपतीत भराभर बांधावरून चालणारा माणूस या गणपतीत भिंत धरून बाथरूमला जात असेल, तर ते काम वयाचं नाही. एका वर्षात माणूस एकाच वर्षानं म्हातारा होतो. चालणं दहा वर्षांनी म्हातारं झालं असेल, तर मध्ये दुसरं काहीतरी घडलंय. आणि त्या ‘दुसऱ्या काहीतरी’च्या यादीत एक आजार असा आहे, जो दुर्मीळ आहे, पटकन ओळखू येत नाही, पण ओळखला तर बऱ्याच अंशी आवरता येतो.

पुण्यानं शिकलेला शब्द

जानेवारी २०२५ आठवतोय? सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी. पुण्याच्या या पट्ट्यात अचानक माणसांच्या हातापायांतली ताकद जायला लागली आणि ‘जीबीएस’ हा शब्द प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचला. गीया-बारे सिंड्रोम. काही आठवड्यांत रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींचा जीवही गेला. केंद्राचं पथक आलं, पाण्याचे नमुने घेतले गेले, आणि रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा, पोट बिघडवणारा जंतू सापडला.

तो जंतू नसांवर हल्ला करत नाही. हल्ला करते ती आपलीच रोगप्रतिकारशक्ती. या जंतूच्या बाहेरच्या आवरणातले काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, जुलाब थांबतात, पण त्या अँटिबॉडी नसांनाही शत्रू समजतात. चोराचा फोटो घेऊन निघालेल्या पोलिसांनी त्याच्यासारखा दिसणारा शेजारी उचलावा, तसा प्रकार. मग जुलाबानंतर काही दिवसांनी पायांना मुंग्या, मग पाय जड, मग हात, आणि काही जणांत श्वासाचे स्नायूसुद्धा.

हा आजार पुण्यात जन्मला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गीयाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचं वर्णन केलं. (तिसऱ्याचं नाव आजाराच्या नावातून गळालं.) जगभरात दरवर्षी लाखात साधारण एक-दोघांना तो होतो. ‘कॅच ट्वेंटी-टू’वाला जोसेफ हेलर १९८१ मध्ये याच आजारानं अंथरुणाला खिळला होता आणि पुढे बरा होऊन त्यानं त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. जीबीएस कोणत्याही वयात होतो, पण वय वाढतं तसा धोकाही वाढतो. आणि साठी ओलांडलेली असेल, आधी जुलाब झालेले असतील, तर बरं व्हायला वेळ जास्त लागण्याची शक्यताही वाढते. म्हणजे बातमीतले रुग्ण कितीही तरुण दिसले, तरी काळजी घरच्या म्हाताऱ्या माणसांची जास्त करायला हवी.

जीबीएसचा सावकाश भाऊ

जीबीएस वादळासारखा येतो. दिवसांत वाढतो, जास्तीत जास्त चार आठवड्यांत टोकाला पोहोचतो. त्यामुळे तो निदान लक्षात तरी येतो. पण त्याच घराण्यातला एक सावकाश भाऊ आहे. डॉक्टर त्याला सीआयडीपी म्हणतात. लांबलचक नावाचा अर्थ इतकाच, की प्रतिकारशक्ती नसांच्या आवरणाला महिनोन् महिने सूज आणत राहते. हा आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढत जातो. कधी थांबतो, कधी सुधारल्यासारखा वाटतो, पुन्हा उलटतो. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त. जीबीएस झाला म्हणून उपचार घेतलेला एखादा रुग्ण दोन महिन्यांनंतरही पुन्हा पुन्हा खालावत असेल, तर मुळात हाच भाऊ आलेला असू शकतो.

नस म्हणजे वायर समजा. आत तांबं, बाहेर प्लॅस्टिकचं वेष्टन. नसेच्या वेष्टनाला मायलिन म्हणतात. ते चांगलं असेल तर पायाकडे जाणारा संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं जातो, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. वंदे भारतचा डिझाइनमधला वेग! वेष्टन जागोजागी सोललं, की वेग शंभरच्याही खाली येतो, आणि काही ठिकाणी संदेश पोहोचतच नाही. मेंदू म्हणतो ऊठ, मांडी म्हणते कोण बोललं? उलट दिशेचाही तोच घोळ. पाय जमिनीवर नेमका कुठे पडलाय, ही खबर वर उशिरा जाते किंवा जातच नाही.

म्हणूनच या आजारात दुखण्यापेक्षा ‘न कळणं’ आणि ‘न उचलणं’ जास्त असतं. आणि दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला, हे आपल्याकडचं जुनं गणित.

अण्णांचं अप्रेजल

ऑफिसात आपलं दर वर्षी अप्रेजल होतं. यंदा अण्णांच्या चालण्याचं करा. त्यांना न सांगता. फक्त बघा.

जमिनीवरून उठणं. मांडी घालून जेवल्यावर अण्णा कसे उठतात? पूर्वी नुसते उठायचे आणि आता दोन्ही हात जमिनीला टेकवून, मग गुडघ्यावर हात ठेवून, मग खांब धरून उठत असतील, तर मांडीची आणि कंबरेची ताकद कमी झाली आहे. आईनं जमिनीवर बसणंच सोडून सगळी कामं खुर्चीवर आणली असतील, तर तीही नोंद घ्या.

पायऱ्या. वाडीच्या घाटावरून नदीपर्यंत उतरणारे अण्णा यंदा ‘मी वरनंच हात जोडतो’ म्हणाले का? दुखतंय म्हणून, की पाय भरवशाचा वाटत नाही म्हणून? या दोन उत्तरांत खूप फरक आहे.

चप्पल. कोल्हापूरकरांना ही टेस्ट घरचीच वाटेल. आपल्याकडचे डॉक्टर हा प्रश्न मुद्दाम विचारतात: चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली, ते कळतं का? निसटते पण कळतं, तर पाऊल आणि बोटं चप्पल धरून ठेवायला कमी पडतायत. निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी मागून सांगितलं, तर तळपायाची संवेदनाच कमी झाली आहे. अंगठ्याची कोल्हापुरी सोडून अण्णांनी मागे पट्टा असलेली सँडल घ्यायला सांगितली असेल, तर ती फॅशन नाही. कारण विचारा.

अंधार आणि आंघोळ. लाइट गेल्यावर अण्णा अडखळतात का? तोंडावर पाणी मारताना, डोळे मिटताच तोल जातो का? पायांकडून खबर येत नसली, की माणूस डोळ्यांनी तोल सांभाळतो. डोळे मिटले की आधार गेला. उजेडात ठीक चालणारा माणूस बाथरूममध्ये पडतो तो याच कारणानं.

हात. शर्टाचं बटण, कुलपाची किल्ली, आईच्या हातातून सटकणारी तपेली. पाय आणि हात दोन्ही बिघडत असतील, तर फक्त गुडघ्याला दोष देऊन चालणार नाही. गुडघा हातात नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा कॉलम: कधीपासून? गावाकडे तारखा लक्षात नसतात, सण असतात. ‘बेंदराला रानात जात होतो, गणपतीत काठी घेतली, दिवाळीला काठीनंही भागेना.’ ही तीन वाक्यं डॉक्टरसाठी फाइलभर रिपोर्टपेक्षा मोलाची आहेत. जोडीला तुमच्या फोनमध्ये पुरावा आहेच. गेल्या वर्षीच्या लग्नाचे, मिरवणुकीचे, बारशाचे व्हिडिओ काढा. मागे कुठेतरी अण्णा चालताना दिसतील. त्याशेजारी आजचा व्हिडिओ ठेवा. दोन्ही दाखवा.

बदनाम मणका

आता घाबरून जाऊ नका. सीआयडीपी दुर्मीळ आहे, लाखात काही जणांनाच होतो. हळू चालणाऱ्या दहा अण्णांपैकी बहुतेकांना गुडघ्यांचा संधिवात, मधुमेह, पार्किन्सन्स, बी-१२ची कमतरता, थायरॉइड, मणक्यात दबलेली नस यांपैकी काहीतरी निघेल. चांगली बातमी अशी, की यातल्या प्रत्येकावर करण्यासारखं काहीतरी आहे. एकट्या ‘वय झालंय’वर कुठलाच उपचार नाही.

अडचण होते ती ठरावीक उत्तर लगेच हाताशी असतं तेव्हा. साठीनंतरच्या कुणाच्याही कंबरेचा एमआरआय काढा, काहीतरी निघणारच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठीची तक्रारच नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा हिशोब मांडला होता. मणक्यातली चकती झिजल्याच्या खुणा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होत्या. म्हणजे ‘गॅप’ असणं आणि गॅपमुळे चालता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधुमेहाचंही तसंच. शुगरमुळे नसा बिघडतात, हे खरं. पण ते साधारणपणे तळपायांच्या जळजळीनं, बधिरपणानं सुरू होतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू सरकतं. ताकद उशिरा जाते. शुगर असलेल्या माणसाच्या मांड्यांची ताकद काही महिन्यांत जात असेल, हातही सुटत असतील, तर ‘शुगरचंच आहे’ म्हणून फाइल बंद करू नका. मधुमेही माणसालाही सीआयडीपी होऊ शकतो.

मग करायचं काय? आधी फॅमिली डॉक्टर, शुगर, बी-१२, थायरॉइड. तेवढ्यानं उलगडा झाला नाही तर न्यूरॉलॉजिस्ट. त्यासाठी अण्णांना पुण्याला आणायलाच हवं असं नाही. शिरोळपासून मिरज-सांगली हाकेच्या अंतरावर, कोल्हापूरही तासाभराच्या टप्प्यात. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाय उडतो का ते बघतील. या आजारात तो बहुधा उडत नाही, किंवा कसाबसा हलतो. मग नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसेला छोटे शॉक देऊन संदेशाचा वेग मोजायचा. थोडं चुरचुरतं, इतकंच. काही वेळा ‘पाठीतलं पाणी’ काढून तपासतात. त्या शब्दालाच घरचे घाबरतात. ‘पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ ही गावोगाव फिरणारी अफवा आहे. पाणी काढल्यानं लुळेपणा येत नाही. लुळेपणा का आला, ते शोधायला पाणी काढतात. वय जास्त असेल तर रक्तातल्या काही प्रोटीन्सची तपासणीही सांगतात, कारण नसांच्या अशाच तक्रारींमागे कधी कधी रक्ताचा आजार लपलेला असतो.

महाग बाटली, स्वस्त गोळी

उपचार मुख्यतः तीन. पहिला स्टेरॉइड. गोळी स्वस्त, पण म्हाताऱ्या माणसात शुगर, बीपी, हाडं आणि मोतीबिंदू या चौघांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि ती मनानं अचानक बंद करायची नाही. गंमत म्हणजे हीच गोळी जीबीएसमध्ये उपयोगी पडत नाही. म्हणून दोन भावांमधला फरक ओळखणं महत्त्वाचं.

दुसरा आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून काढलेल्या अँटिबॉडींची बाटली. नेहमीचा सुरुवातीचा डोस वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम. साठ किलोच्या अण्णांना १२० ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या बारा बाटल्या. एक कोर्स लाखांत जातो, आणि सीआयडीपीमध्ये अनेकांना तो काही आठवड्यांनी पुन्हा, कमी डोसमध्ये, द्यावा लागतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११७ रुग्णांच्या चाचणीत आयव्हीआयजी घेतलेल्या ५४ टक्के लोकांत सुधारणा दिसली, नुसतं सलाइनसारखं औषध घेतलेल्यांत २१ टक्के. मूत्रपिंड आणि रक्ताच्या गुठळ्या यांची काळजी मात्र उतारवयात घ्यावी लागते. तिसरा उपाय प्लाझ्मा बदलणं, डायलिसिससारख्या मशीनवर रक्तातल्या त्या वाट चुकलेल्या अँटिबॉडी काढून टाकणं. तिघांपैकी कशानं ना कशानं बहुतेक रुग्ण सुधारतात. नवी औषधंही येतायत, २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेत एफ्गार्टिजिमॉडला सीआयडीपीसाठी मंजुरी मिळाली.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर एक काम करा. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का, आणि एका दिवसाच्या इन्फ्युजनचा खर्च मिळतो का, हे एचआरला मेल टाकून विचारा. ‘अॅडमिट झालं तरच’ अशी अट असेल तर ती आत्ताच कळलेली बरी. सरकारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करून ठेवा.

उशिरानं काय बिघडतं? वेष्टन पुन्हा चढू शकतं, आतलं तांबं तुटलं तर काम अवघड. तुटलेली नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून तळपायापर्यंत मीटरभर अंतर. म्हणजे हजार दिवस, जवळजवळ तीन वर्षं, तेही वाढलीच तर. ‘यंदाचा सीझन होऊ द्या, ऊस गेला की बघू’ हे वाक्य म्हणूनच महाग पडतं.

थांबायचं नाही, अशी वेळ

एक अपवाद लक्षात ठेवा. ताकद महिन्यांत नाही, दिवसांत जात असेल, खालून वर चढत असेल, गिळताना ठसका लागत असेल, एका श्वासात वाक्य पूर्ण होत नसेल, तर अपॉइंटमेंट वगैरे विसरा. त्याच रात्री व्हेंटिलेटर असलेल्या हॉस्पिटलात. जीबीएसच्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. वेळेवर पोहोचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे सहा महिन्यांत स्वतःच्या पायावर चालू लागतात. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनी दार लावून घ्यायचं कारण नाही.

पाण्याचं मात्र बघा. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चार नद्यांचा आपला तालुका. वरच्या अंगाचं जे काही पंचगंगेत मिसळतं, ते वाडीच्या संगमाकडे येतं. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली होती, आणि त्या ‘ई’ प्रकारच्या काविळीनंतरही क्वचित जीबीएस होतो. २००५, २०१९, २०२१ चे महापूर तर सांगायलाच नकोत. जुलाब झालेल्या हजारांत एखाद्यालाही जीबीएस होत नाही, पण पाणी उकळायला पैसे लागत नाहीत. पावसाळ्यात आणि पूर ओसरल्यावर तर उकळाच. चिकन पूर्ण शिजलेलं हवं. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची शान खरी, पण कॅम्पिलोबॅक्टर कच्च्या दुधातूनही येतो. तांबडा-पांढरा रस्सा रटरटा उकळलेला असतो, त्याला माफी!

राहता राहिला अवघड भाग, अण्णांशी बोलणं. ज्या माणसानं तुम्हाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याला ‘तुमचं चालणं बिघडलंय’ म्हणायचं कसं? आजाराचं नाव काढू नका. काठीही घेऊन जाऊ नका, ती बघून ते चिडतील. त्यापेक्षा सरळ विचारा, ‘‘अण्णा, मागच्या खेपेला रानात एकटे जात होता. आता का जात नाही?’’ आणि मग गप्प बसा. घाई करू नका. वर्षभर ते हे उत्तर मनात घेऊन फिरत असतात. बांधावरून पडलो ते कुणाला सांगितलं नाही. मोटारसायकल विकली ती पेट्रोल महागलं म्हणून नव्हे. भजनाला जात नाही कारण खाली बसलं की चारचौघांत उठता येत नाही. यातलं एक वाक्य जरी बाहेर आलं, तरी त्याच आठवड्याची सुट्टी टाका, रविवारची बस रद्द करा आणि सोमवारी सकाळी मिरजेचा नंबर लावा.